अँटेना घेण्याआधी आकाश बघा

आठवडी बाजारात मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकणाऱ्या दुकानात हल्ली एक चपटी काळी पाटी टांगलेली दिसते. पुठ्ठ्याइतकी पातळ, मागून वायर निघालेली. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'डिजिटल एचडी अँटेना' असं छापलेलं आणि खाली शेकडो मैलांचा पल्ला. खिडकीला चिकटवा, टीव्हीला जोडा, फुकट चॅनेलं बघा! काही शे रुपयांत मिळते म्हणून माणूस घेतो. घरी जाऊन जोडतो, टीव्हीत चॅनेल शोधायला लावतो, आकडा शंभरावर जातो आणि शेवटी एकही चॅनेल मिळालं नाही असा निरोप येतो. मग पुढच्या बाजाराला तो विचारतो, "घरातला नाही चालला, आता छपरावरचा मोठा घेऊ का?"

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या वाचकांना मला पहिल्यांदा हेच सांगायचं आहे की, या प्रश्नात पैसे घालू नका. पाटी घरात लावली काय आणि दहा मीटरच्या खांबावर चढवली काय, दोन्हींना पकडायला हवेत काही असावं लागतं. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक मोजकी मोक्याची ठिकाणं सोडून मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद झाले. त्याऐवजी जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत सुरू झालं. महाराष्ट्रात त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, आपल्या पूर्वेला रायपूर. चंद्रपूरहून औरंगाबाद सरळ रेषेत ४०० किलोमीटरवर आहे, रायपूर पावणेतीनशेवर. कोरचीकडच्या माणसाला वाटेल, रायपूर तर आपल्याला जवळच. तरीही सव्वाशे किलोमीटर होतातच.

हे अंतर का कापता येत नाही ते समजून घेतलं की कुठल्याही डब्यावरचा पल्ला तुम्हाला फसवू शकणार नाही. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि जमीन गोल आहे. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर साधारण ४१ किलोमीटरवर जमिनीला टेकते. तुमचा अँटेना दहा मीटर उंच असेल तर त्याची नजर १३ किलोमीटर जाते. दोन्ही मिळून ५४. तेही मधे डोंगर नसेल, साग-बांबूचं रान नसेल तेव्हा. माणिकगडच्या डोंगरात, जिवतीच्या पठारामागे किंवा भामरागडच्या टेकड्यांत हा आकडा आणखी खाली येतो. खिडकीच्या पाटीत कितीही ताकदीचा बूस्टर असो, येतच नसलेला सिग्नल तो वाढवणार कसा? बूस्टर आवाजाबरोबर खरखरही मोठी करतो, आणि इथे तर नुसती खरखरच आहे.

जुन्या काळी मात्र घरातला की बाहेरचा हा प्रश्न खरा होता. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना छपरावरचा काड्यांचा अँटेना आठवत असेल. जपानमधल्या यागी आणि उदा या दोघांच्या नावानं तो ओळखला जातो, १९२६ सालची रचना. प्रक्षेपकाच्या गावात राहणाऱ्याला टीव्हीवर ठेवायच्या दोन दांड्या पुरायच्या. गाव सोडून दहा कोस गेलं की याच यागीला बांबूवर चढवावं लागे. टिनाच्या छपराखाली तर घरातला अँटेना आंधळाच, कारण लहरी वरच्या वर परत फिरायच्या. एक जण छपरावर बांबू फिरवणार, एक अंगणात, एक टीव्हीसमोर, आणि तिघांमधून "आलं का?" "मुंग्या कमी झाल्या!" "थांब, थांब, गेलं!" असा निरोपांचा प्रवास. त्या अँटेन्याला उंचीच हवी होती आणि आपल्याकडे उंच बांबूची कमी नव्हती.

आजही अनेक घरांवर तो गंजका सांगाडा उभा आहे. तो उतरवून ठेवा. त्याचा आता टीव्हीला उपयोग नाही आणि वादळात तो कुणाच्या डोक्यावर पडू शकतो.

आता आपल्या भागात टीव्हीचा सिग्नल येतो तो वरून, उपग्रहाकडून. त्यामुळे बाहेरचा अँटेना म्हणजे छत्री, डिश. आणि ही छत्री जुन्या अँटेन्याच्या सगळ्या सवयी मोडते. तिला उंची नको, तिला मोकळं आकाश हवं. तिला बांबू नको, तिला न हलणारा पाया हवा. बहुतेक चुका होतात त्या जुन्या अँटेन्याच्या सवयीनं डिश बसवल्यामुळे.

दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, एकदाच डिश आणि बॉक्सचा खर्च. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे, आणि सिरोंचाकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी यादगिरीही. शाळांनी लक्षात ठेवावं अशी 'पीएम ई-विद्या'ची इयत्तावार चॅनेलंही त्यावरच येतात. या सेवेचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून उतरतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या वेगानंच फिरतो. म्हणून आपल्याला तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा असतो. ती जागा तुमच्या अंगणातून कुठे येते, एवढं ठाऊक असलं की निम्मं काम झालं.

चंद्रपूर, गडचिरोली, अहेरी, कोरची, सिरोंचा, कुठेही उभे राहा, हा उपग्रह आग्नेयेकडून थोडा दक्षिणेला आहे. वास्तुशास्त्रवाले स्वयंपाकघर ज्या कोपऱ्यात सांगतात, त्या कोपऱ्यापासून दक्षिणेकडे आठ ते बारा अंश. होकायंत्रात उत्तरेपासून मोजलं तर १४३ ते १४७ अंश. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, फक्त टिनाच्या पत्र्याजवळ, लोखंडी खांबाजवळ किंवा मोटारसायकलला टेकून बघू नका. आणि उंची? क्षितिजापासून ६१ ते ६३ अंश वर. ही उंची बरीच आहे. डोक्यावरच्या बिंदूपासून तो जेमतेम अठ्ठावीस अंश कललेला.

जंगलात राहणाऱ्यांसाठी यासारखी चांगली गोष्ट नाही. जुना अँटेना क्षितिजाकडे बघायचा, म्हणून गावाभोवतीचं प्रत्येक झाड, प्रत्येक टेकडी त्याच्या वाटेत यायची. डिश जवळजवळ आभाळाकडे बघते. दरीत वसलेल्या टोल्यावरही, चारही बाजूंनी डोंगर असले तरी, डिशला उपग्रह दिसतो. हिशेब सोपा आहे. आग्नेयेकडचं झाड डिशपासून जितकं लांब आहे, त्याच्या दीडपटीपेक्षा ते उंच नसावं. तीस फुटांचं झाड असेल तर डिश वीस फूट लांब ठेवा, सिग्नल त्याच्या शेंड्यावरून येईल. डिश छपरावर असेल तर झाडाची उंची छपरापासून वर मोजायची. दीडपटीत फांद्या वाढायला थोडी जागाही सोडली आहे. उत्तरेला, पश्चिमेला कितीही दाट रान असो, डिशचा त्याच्याशी संबंधच नाही.

सिंदेवाही तालुक्यातल्या एका घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. डिश मार्चमध्ये बसली होती. तीन महिने चित्र स्वच्छ. जूनच्या शेवटी चित्राचे चौकोन पडायला लागले, जुलैत काहीच नाही. बॉक्स बदलला, वायर बदलली. घरच्यांनी ठरवलं की पावसानंच डिश खराब केली. शेवटी कुणीतरी सांगितलं, सांदवाडीतलं मोहाचं झाड आड येतंय, तोडा. मी पोचलो तेव्हा कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली होती आणि काकू झाडाखाली उभ्या होत्या, कुणाशी बोलत नव्हत्या. ज्या झाडाखाली दरवर्षी पहाटे उठून फुलं वेचली, ज्या मोहाच्या पैशानं घरातली निकड भागली, ते झाड सीरियलसाठी पडणार होतं.

मी डिशच्या मागे उभा राहिलो आणि तिच्या नजरेच्या रेषेत बघितलं. मोह पूर्वेला होता. त्याच्या कुठल्याच फांदीचा काही दोष नव्हता. आड येत होता तो शेजारच्या धुऱ्यावरचा साग. मार्चमध्ये तो उघडा होता, नुसत्या काड्या. सिग्नल त्यांच्यातून आरामात झिरपून येत होता. पावसाबरोबर सागाला ताटाएवढी पानं आली, आणि ओल्या पानाच्या आत पाणीच असतं. डिशच्या लहरी पाणी शोषून घेतं. एवढंच झालं होतं. आम्ही डिश आठ फूट सरकवून पडवीच्या पलीकडच्या टोकाला बसवली. साग राहिला, मोह राहिला.

ही चूक आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी होते, कारण आपलं रान पानझडीचं आहे. उन्हाळ्यात मोकळं दिसणारं आकाश पावसाळ्यात मोकळं नसतं. म्हणून डिश उन्हाळ्यात बसवत असाल तर झाड जसं आहे तसं बघू नका, भर श्रावणात ते कसं असेल ते डोळ्यांसमोर आणा. बांबूच्या बेटाजवळ तर डिश अजिबात नको. ज्या वास्त्यांची आपण भाजी करतो, तेच कोंब दोन महिन्यांत छपराच्या वर जातात.

डिशच्या नजरेबद्दल मात्र एक फसगत असते. घरावर बसणारी ही छोटी डिश लंबगोल असते आणि तिचा दांडा खालून पुढे आलेला असतो. तिचा चेहरा जिकडे बघतोय असं वाटतं, तिची खरी नजर त्याच्या वीस-पंचवीस अंश वर असते. त्यामुळे ती समोरच्या घराच्या छपराकडे बघत उभी आहे असं वाटतं, आणि लोक समोरची फांदी छाटतात. खरा अडथळा असलाच तर तो तिच्या बराच वर असतो. फांदीला हात लावण्याआधी हे तपासाच.

आणि तपासायची एक पद्धत अशी आहे की तिला यंत्र लागत नाही. वर्षातून दोनदा सूर्य आकाशात नेमका या उपग्रहाच्या जागी येतो. आपल्या भागात एकदा १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि एकदा २ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच मिनिटं कमी असताना. त्या वेळी जिथे डिश बसवायची आहे तिथे जाऊन उभे राहा. तुमच्या डोक्यावर ऊन आहे? मग उपग्रहही त्या जागेला बघतोय. सावली आहे? मग ज्याची सावली आहे तेच तुमच्या टीव्हीच्या आड येणार. दोन-चार दिवस मागेपुढे झाले तरी फरक पडत नाही. गांधी जयंतीला शाळेतून फेरी आटोपून आलेली मुलंसुद्धा खडूनं अंगणात उन्हाची हद्द आखू शकतील. आणि ऑक्टोबरात पानं भरलेली असतात, म्हणून मार्चपेक्षा त्या दिवसाच्या उन्हावर जास्त विश्वास ठेवा.

याच दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जातं आणि आपोआप परत येतं. सूर्याची ऊर्जा उपग्रहाच्या क्षीण सिग्नलला झाकून टाकते, म्हणून हे होतं. त्या वेळी डिश हलवू नका, कारागिराला बोलावू नका. अर्धा तास थांबा.

डिश केवढी घ्यावी? साधारण दोन फुटी, साठ-पासष्ट सेंटिमीटरची डिश इथे पुरते. तीन फुटी, नव्वद सेंटिमीटरची घेतली तर ती साठच्या सव्वादोनपट सिग्नल गोळा करते. गडचिरोलीत वर्षाला सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जोराच्या सरीत दोन फुटी डिशचं चित्र काही वेळ जातंच. ज्यांना पुराच्या दिवसांत बातम्या हव्यात, पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटणाऱ्या भामरागडसारख्या ठिकाणी जे राहतात, त्यांनी मोठी डिश घ्यावी. ग्रामपंचायत, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र यांच्यासाठी तर मी मोठीच सांगेन. बाकीच्यांनी जास्तीचे पैसे चांगल्या वायरीत आणि पक्क्या खांबात घालावेत.

डिशच्या आकारावरून एक जुनी गोष्ट आठवली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर देशात उपग्रहावरून गावागावांत टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला होता. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं, त्यात आपल्या पूर्वेला लागून असलेल्या, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या रायपूर भागातलीही. उपग्रह अमेरिकेचा, एटीएस-६. गावोगावच्या डिश दहा फुटी होत्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या बनवलेल्या. तेव्हाच्या लहरी लांब होत्या, त्यांना जाळीची भोकं जाणवत नसत. आजच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. म्हणून आजची डिश भरीव लागते, आणि म्हणूनच ती वाकली, पोचा पडला, कुणी तिच्यावर धान वाळवायला ठेवून मुडपली, तर चित्र बिघडतं. रंग फिका पडला किंवा कोळशाची धूळ बसली तर काही बिघडत नाही. घुग्घुस, बल्लारपूर, सास्तीकडचे लोक डिश घासून घासून पुसतात, त्याची गरज नाही. चकचकीत रंग मात्र देऊ नका. तो आरशासारखा सूर्य एकवटतो आणि पुढच्या दांड्याच्या टोकाला सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो, तो भाजतो.

आता पाया. दोन फुटी डिशची नजर फार अरुंद असते. ती दीड अंश हलली की सिग्नल निम्मा होतो. दीड अंश म्हणजे डिशचा काठ अंगठ्याच्या रुंदीहूनही कमी पुढे-मागे होणं, बस. बांबू वाऱ्यात याहून कितीतरी जास्त वाकतो. जुना यागी अँटेना तेवढं सहज सोसायचा, कारण त्याची नजर पसरट होती. बांबूला बांधलेल्या डिशचं चित्र मात्र वारा सुटला की फुटणारच. कवेलूच्या छपरावरही डिश ठेवू नका, वासे हलतात आणि कवेलू फुटून गळती लागते. टिनाचा पत्रा तर उन्हात फुगतो आणि रात्री आखडतो.

सगळ्यात चांगली जागा अंगणातच असते. जाड लोखंडी पाइपचा तीन-चार फुटांचा तुकडा सिमेंटमध्ये दीड फूट गाडा, ओळंब्यानं उभा सरळ करा, त्यावर डिश बसवा. पाइप सरळ नसेल तर पुढे दिशा आणि उंची दोन्ही एकदम बिघडतात. कुणी विचारेल, एवढ्या खाली? हो. आकाश दिसत असेल तर जमिनीवरची डिश आणि छपरावरची डिश यांच्यात सिग्नलचा काहीच फरक नसतो. खाली असलेली डिश माणसाला दुरुस्त करता येते, ती वादळात उडत नाही आणि वानरांना तिच्यावर झोके घेण्यात मजा येत नाही. वानर छपरावरून छपरावर जाताना मधली डिश हमखास पायरी म्हणून वापरतं. अंगणातल्या डिशला गुरं घासू नयेत म्हणून भोवती काटेरी कुंपण घातलं की झालं.

चंद्रपूर शहरात, तुकूम किंवा रामनगरसारख्या वस्तीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अंगण नसतं. त्यांनी आधी गॅलरी कुठल्या दिशेला आहे ते बघावं. पूर्व किंवा दक्षिण असेल तर कठड्याला डिश लागू शकते, वरच्या मजल्याची गॅलरी आड येत नाही एवढं तपासा, कारण ६२ अंश म्हणजे वर बघायचं आहे. उत्तर किंवा पश्चिम असेल तर गच्चीशिवाय मार्ग नाही. खोलीत, काचेच्या आत डिश चालत नाही. घरातला अँटेना हा प्रकार उपग्रहाला लागूच पडत नाही.

शेजाऱ्याच्या डिशकडे बघून आपली लावू नका. खासगी कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी आहेत. टाटा प्लेचा ८३ अंशांवर, म्हणजे आपल्याकडून जवळपास दक्षिणेला आणि आणखी वर. एअरटेलचा १०८ अंशांवर, बराच पूर्वेला आणि ५० अंशांच्याच उंचीवर. एअरटेलसाठी झाडांची अट त्यामुळे कडक होते. जंगलातल्या गावात खासगी सेवा घ्यायची असेल तर दरपत्रकाबरोबर ही उंचीही विचारा. जुनी कंपनीची डिश घरी पडून असेल तर तोच पत्रा फ्री डिशसाठी चालतो, फक्त एलएनबी 'युनिव्हर्सल' आहे का ते बघावं आणि नसेल तर नवा लावावा. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळी चॅनेलं दिसत नाहीत. आणि चॅनेलं बदलत असतात, एखादं आवडतं चॅनेल अचानक गेलं तर डिशला हात लावण्याआधी बॉक्समध्ये नव्यानं शोध लावून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

डिश जुळवताना टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात. पहिली 'स्ट्रेंग्थ', ती जमिनीकडे तोंड केलं तरी थोडी भरलेली असते, तिच्यामागे लागू नका. 'क्वालिटी'ची दुसरी पट्टी खरी. उंचीचा स्क्रू ६२ च्या आसपास लावा, थोडा ढिला ठेवा, आणि डिश दक्षिणेकडून पूर्वेकडे एकेक बोट सरकवत न्या. प्रत्येक बोटानंतर चार सेकंद थांबा, कारण बॉक्सला विचार करायला तेवढा वेळ लागतो. घाईनं फिरवणारा उपग्रहावरून दहा वेळा जातो आणि त्याला कळत नाही. क्वालिटी हलली की थांबा, आधी दिशा, मग उंची, आणि शेवटी एलएनबी आपल्या जागी हळूहळू फिरवून पट्टी जास्तीत जास्त भरा. एलएनबीचं हे फिरवणं बहुतेक जण सोडून देतात. आपल्याकडे तो साधारण ३४ अंश तिरपा लागतो, सरळ ठेवलेला एलएनबी चित्र देतो खरा, पण पहिल्या सरीत सोडतो.

वायर आरजी-६ ची घ्या, तांब्याची मधली तार असलेली. तीस मीटरपर्यंत काही अडचण नाही. मधे जोड नको. दोन वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात मरतो. एलएनबीपाशी वायर जोडल्यावर ती थेट वर किंवा आडवी नेऊ नका, खाली एक झोळ सोडा आणि मग वर घ्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, जोडात शिरत नाही. जोडावर रबरी टेप गुंडाळा. चंद्रपूरच्या उन्हानं एलएनबीचं पांढरं प्लास्टिकचं टोपण दोन-तीन वर्षांत तडकतं. तडा बारीक असतो, खालून दिसत नाही, पण त्यातून पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात कुंभारीण माशी आत जाते. तिनं आत मातीचं घर केलं की सिग्नल मेलाच. दरवर्षी मृगाच्या आधी एकदा हात लावून बघा.

दोन गोष्टी मात्र टीव्हीपेक्षा मोठ्या आहेत. वायर टाकताना किंवा पाइप उभा करताना वरून विजेची तार जात असेल तर काम थांबवा. पाइप आडवा पडला तरी तारेला लागणार नाही इतकं अंतर हवं. ओला बांबूही वीज वाहून नेतो, तो लाकडाचा आहे म्हणून बिनधास्त राहू नका. आणि आभाळातली वीज. आपल्याकडे पावसाळा सुरू होतानाही आणि संपतानाही विजा पडतात, दरवर्षी शेतात माणसं जातात. गडगडाट सुरू झाला की बॉक्सची वायर आणि प्लग दोन्ही काढा, डिशकडे किंवा छपरावर जाऊ नका. डिशचा पाइप जाड तारेनं जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएमनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, जिथे मोबाइलला रेंज आहे तिथे ते घ्यावं. जिथे नाही तिथे ढगांकडे लक्ष ठेवा. चित्र फाटायला लागलं म्हणजे दाट ढग आग्नेयेला आलाय, हे टीव्हीच तुम्हाला सांगत असतो.

काम संपलं, सगळे नट आवळले, चित्र स्वच्छ आलं, की लगेच हत्यारं आवरू नका. थोडा ऑइलपेंट घ्या आणि बारीक ब्रशनं पाइप आणि डिशची पकड यांच्या सांध्यावर एक सरळ उभी रेघ ओढा, अर्धी पाइपवर, अर्धी पकडीवर. तशीच एक उंचीच्या स्क्रूपाशी आणि एक एलएनबीवर. पुढे कधी वानरानं, वादळानं किंवा बैलाच्या शिंगानं डिश फिरली, तर कारागिराची वाट बघत बसावं लागणार नाही. घरातली कुणीही, सातवीतली मुलगीसुद्धा, अर्ध्या रेघेला अर्धी रेघ जुळवेल आणि नट आवळेल. त्या सिंदेवाहीच्या घरी निळा रंग होता, मागच्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला.